ट्रायलला मी मागे बसणार

बाइंडरने पाटी लिहिली ती तीन शब्दांची. 'मोटरसायकल विकणे आहे.' पुठ्ठा जाड, कडा कापडाने मढवलेल्या. चाळीस वर्षं पुस्तकं बांधण्यात गेली होती. आता साधी पाटी लावायची तरी उघड्या कडांची लावायला त्याचा हात धजत नव्हता. पाटी फाटकाला टांगली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं डोकं फिरायला लागलं.

पहिला आला त्याने हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या टायरला लाथ घातली.

"कोण चालवायचं?"

"बायको."

"अरेरे. मग क्लच गेला असणार."

बाइंडरची कानशिलं तापली. बावीस वर्षं ती बाई नर्सची पेटी मागे बांधून खड्ड्याखड्ड्यांतून गेली. लोकांची बाळंतपणं केली, म्हाताऱ्यांची ड्रेसिंगं केली आणि एकदाही गाडी आडवी पाडली नाही. आणि म्हणे क्लच गेला असणार!

"क्लच नाही गेला. ती गेली," तो म्हणाला आणि फाटक लावून घेतलं.

दुसरा आला त्याला एका चाकावर गाडी उचलून बघायची होती. तिसऱ्याने मडगार्ड काढून टाकलं तर कशी दिसेल, ते मोबाइलवर चित्र काढून दाखवलं. बाइंडरने दोघांनाही पाणीसुद्धा विचारलं नाही.

खरं म्हणजे त्याला स्वतःला मोटरसायकल येत नव्हती. सिस्टर पुढे आणि बाइंडर मागे, मांडीवर पिशवी धरून, असं जोडपं सगळ्या भागाला माहीत होतं. लोक हसायचे. "काय बाइंडर, आज कुठे वरात?" म्हणायचे. त्याला काही वाटायचं नाही. सगळा गाव तिला सिस्टर म्हणायचा, म्हणून तोही म्हणायचा. लग्नाच्या बायकोला सिस्टर म्हणणारा जगाच्या पाठीवर हा एकटाच, असं ती पाहुण्यांना सांगायची.

शेवटच्या आठवड्यात, नळ्या लावलेल्या असताना, तिने त्याला जवळ बोलावलं होतं. बाइंडरला वाटलं, काहीतरी मोठं सांगणार. ती म्हणाली, "गाडी सडवू नका हो. तुम्ही चालवणार नाही, पोरगा येणार नाही. ज्याला कळतं त्याला देऊन टाका."

"कळतं की नाही हे मला कसं कळणार?"

"कळेल," ती म्हणाली, आणि तिला झोप लागली.

सात महिने त्याने काही केलं नाही. रोज सकाळी गाडी स्टँडवर ठेवून पाच मिनिटं चालू करायची, बंद करायची, मग टाकीखाली हात घालून पेट्रोलचा कॉक आडवा फिरवायचा. हे सगळं ती करायची तसंच. कॉक बंद केल्याशिवाय ती गाडीपासून हलायची नाही. पेट्रोल झिरपतं म्हणायची. मग मुलाचा फोन आला. "बाबा, नुसती गंजतेय ती. या रविवारपर्यंत गिऱ्हाईक नाही मिळालं तर मी भंगारवाल्याला पाठवतो."

भंगारवाला! हा शब्द बाइंडरच्या डोक्यातून जाईना. फोन ठेवल्यावर तो तासभर एकटाच मुलाशी भांडला. मग पुठ्ठा कापायला बसला.

गुरुवारी दुपारी गॉगलवाला आला. डोक्यावर गॉगल, खांद्याला फुगलेली पिशवी आणि बरोबर एक साठीच्या बाई.

"नमस्कार काका. ही माझी आत्या. गाडी एकदम मस्त ठेवलीय तुम्ही. लगेच नेली असती, पण ट्रायल घेतल्याशिवाय कसं?"

बाइंडरला 'मस्त ठेवलीय' ऐकून बरं वाटलं, हीच चूक. शेजारच्या वेल्डरने बजावून ठेवलं होतं की ट्रायलला दिलीस तर त्याचं लायसन्स आधी हातात घे. बाइंडर तोंड उघडणार तेवढ्यात गॉगलवाल्यानेच बोलून टाकलं, "तुम्हाला भरवसा नाही ना? साहजिक आहे. ही माझी आत्याच ठेवून जातो तुमच्याकडे. आत्यापेक्षा मोठं लायसन्स असतं का काका?"

आता एखाद्याने सख्खी आत्या समोर उभी केल्यावर त्याच्याकडे कागद कसा मागायचा? बाइंडरला ते असभ्य वाटलं. तो म्हणाला, "थांबा, तो टाकीखालचा..." पण त्याच्या हातातली किल्ली गेली होती, किक बसली होती आणि गाडी फाटकाबाहेर उतारावर होती. पिशवी खांद्यालाच.

"ट्रायलला पिशवी कशाला लागते?" बाइंडर रस्त्याकडे बघत म्हणाला.

आत्याबाई व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसल्या, चपला काढल्या, पाय एकावर एक घेतले. बराच वेळ थांबायची सवय असलेल्या माणसासारख्या.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. बाइंडर फाटकापाशी जाई आणि परत येई. आत्याबाईंनी दिलेल्या नंबरवर गॉगलवाल्याचा फोन वाजत होता, उचलला जात नव्हता.

"कुठवर गेलाय हा तुमचा भाचा?"

"बाजारपेठेत," आत्याबाई म्हणाल्या.

"बाजारपेठेत? ती तर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे!"

"पडद्यांचे नमुने दाखवायचेत त्याला. चार दुकानं. दोन तास तरी धरा." मग त्यांनी खाली मान घातली. "त्याची गाडी विकली गेली मागच्या वर्षी. तेव्हापासून हे असंच. जिथे पाटी दिसेल तिथे ट्रायल. काम झालं की परत आणून देतो आणि म्हणतो, पिकअप नाही हो हिला. पहिल्यांदा मोबाइल ठेवून जायचा. मग त्याला मोबाइलशिवाय अडायला लागलं. आता मी."

बाइंडर खालीच बसला, पायरीवर. चोर असता तर परवडला असता. चोराला निदान गाडी हवी असते. याला गाडीही नको होती. सिस्टर ज्या गाडीवरून अडलेल्या बाळंतिणीला सोडवायला जायची, त्या गाडीवरून हा फुकटात पडदे विकत फिरणार आणि वर पिकअप नाही म्हणणार!

"आणि तुम्ही बसता?" तो आत्याबाईंवर उसळला. "सोयरीक जमवायला आल्यासारख्या लोकांच्या व्हरांड्यात बसता? लाज नाही वाटत?"

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "त्याच्याच घरात राहते. नाही म्हणायची सोय नाही. आज पाचवं घर. तुम्ही पहिलेच, रागावलेले. बाकीच्यांनी चहा दिला."

बाइंडरने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला, पण आपटून.

तांब्या आपटला आणि त्याचा हात तसाच राहिला. उजवा हात. सकाळी टाकीखाली घातला होता तो हात.

"कॉक बंद आहे," तो म्हणाला.

"काय बंद आहे?"

"पेट्रोलचा कॉक. मी बंद केला सकाळी. तेच सांगत होतो त्याला, ऐकायला थांबला कुठे?" बाइंडर उभा राहिला. "खाली उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुटते झोकात. किलोमीटरभर जाते, की खलास. सिस्टर दोनदा उघडायला विसरली होती. दोन्ही वेळा गाडी लाकडाच्या वखारीपाशी बंद पडली. अगदी उतार संपतो तिथे. चला आत्याबाई, घाला चपला."

वखार यायच्या आधीच गॉगलवाला दिसला. गाडी रस्त्याच्या कडेला, पिशवी झाडाला टांगलेली, आणि हा घामाने न्हालेला, किकवर किक मारत होता. वखारीतले दोन हमाल ओंडक्यावर बसून मोजत होते. "एकशे चाळीस," त्यातला एक म्हणाला.

गॉगलवाल्याने बाइंडरला पाहिलं आणि आधी तोच ओरडला. "अहो काका, काय गाडी आहे का भंगार? टाकीत पेट्रोल आहे, प्लग काढून बघितला, सुरूच होत नाही! माझी केवढी मोठी ऑर्डर गेली! भंगार विकायचं तर भंगारवाल्याला विका!"

एकाच दमात तीनदा तो शब्द आला. बाइंडरला वाटलं होतं आपण त्याची कॉलर धरू. तसं काही झालं नाही. आवाज उलट खाली आला.

"कसली ऑर्डर?"

"आँ? नाही, म्हणजे..."

"ह्यांना सगळं सांगितलंय मी," आत्याबाई म्हणाल्या.

हमाल हसले. गॉगलवाल्याने झाडाची पिशवी काढून खांद्याला लावली. "ठीक आहे, ठीक आहे. गाडी तुमची, तुम्ही बघा. चल आत्या."

"जिथून नेलीत तिथे आणून लावायची," बाइंडर म्हणाला.

"एवढ्या चढावर? ढकलत?"

"ट्रायल अजून संपली नाही."

गॉगलवाल्याने आत्याकडे पाहिलं. आत्याबाईंनी साडी सावरली, गाडीजवळ गेल्या आणि मागच्या सीटवर एका बाजूला बसल्या. "पाय दुखतात माझे," त्या म्हणाल्या. "पाच घरं झाली."

ती बाइंडरची जागा होती. बावीस वर्षं तिथे दुसरं कोणी बसलं नव्हतं. पण त्या बसल्या होत्या सरळ आणि मांडीवर दोन्ही हात घेऊन. त्याने हँडल धरलं, आणि गॉगलवाल्याने मागून जोर लावला.

एक किलोमीटरचा चढ. वखारीतल्या हमालांनी शिट्टी मारली. वाटेत वेल्डर दारात उभा होता. त्याने काळा मुखवटा वर केला, ही मिरवणूक बघितली आणि मुखवटा परत खाली ओढला. गॉगलवाला तीनदा थांबला. तिन्ही वेळा आत्याबाई मागे न बघता म्हणाल्या, "चल रे, चल. काकांना उशीर होतोय." एकदा गॉगल खाली पडला. कोणीही थांबलं नाही म्हणून त्याला पळत जाऊन उचलावा लागला.

फाटकात आल्यावर आत्याबाई उतरल्या. बाइंडरने गाडी स्टँडवर लावली. खाली वाकून कॉक उभा केला. मनात दहापर्यंत मोजलं. मग सिस्टर मारायची तशी, एक सावकाश आणि एक जोरात, अशा दोन किका मारल्या. गाडी सुरू झाली. आवाज असा सरळ, एकसारखा, की समोरच्या खिडकीतला माणूस वाकून बघायला लागला.

गॉगलवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग तिथेच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत, की पडदे विकायला चाललाय म्हणून?"

गॉगलवाला पाय आपटत निघून गेला. आत्याबाई मागे राहिल्या, चपलेचा पट्टा ओढत. "कॉकचं कोणी शिकवलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"शिकवलं नाही. मी मागे बसून बघायचो."

त्यांनी मान हलवली. "आता मला कुठेही बसवलं तर बसणार नाही," त्या म्हणाल्या, आणि भाच्याच्या मागे न जाता दुसऱ्या रस्त्याने निघाल्या.

त्या संध्याकाळी बाइंडरने पाटीवर आणखी एक ओळ लिहिली. 'ट्रायल मिळेल. मी मागे बसणार.' वेल्डर म्हणाला, "असं कोणी येणार नाही." बाइंडर म्हणाला, "नको येऊ देत." आणि त्याला ते खरंच नको होतं. शुक्रवारी तिघे पाटी वाचून हसून गेले, तेव्हा त्याला मनापासून समाधान वाटलं. सगळे नालायक आहेत, सिस्टर. बघ, कोणालाच कळत नाही. मुलाचा फोन आला तेव्हा हेच त्याने दणकून सांगितलं. "भंगारवाला पाठवलास तर त्यालाही मी मागे बसूनच ट्रायल देईन!"

शनिवारी सकाळी एक वायरमन आला. पन्नाशीचा, जाडा, कमरेला पट्ट्यात पक्कड आणि टेस्टर. "आमच्या गल्लीतल्या आत्याबाईंनी पाठवलं," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, माणूस रागीट आहे पण गाडी सरळ आहे."

"ट्रायल घ्यायची तर मी मागे बसणार."

"बसा की."

वायरमनने टायरला लाथ मारली नाही. तो उकिडवा बसला, डोकं तिरकं करून टाकीखाली बघितलं आणि म्हणाला, "कॉक बंद आहे. उघडू का?"

बाइंडरने हातानेच 'उघडा' अशी खूण केली.

वायरमनने कॉक उघडला आणि थांबला. घाई न करता थांबला. मग दोघे निघाले. उतार, वखार, पूल, वळण. गिअर बदलताना झटका नाही. वळणावर बाइंडरचा हात आपोआप पुढच्या खांद्यावर गेला. जाडा, परका खांदा. त्याने हात चटकन मागे घेतला आणि दात आवळून मांडीवर दाबून धरला.

परत आल्यावर वायरमन उतरला, खाली वाकला आणि कॉक आडवा केला. कोणी सांगितलं नव्हतं.

"आवडली," तो म्हणाला. "बाईंनी चालवलेली दिसते. क्लच फार हलका ठेवलाय."

बाइंडर मागच्या सीटवरून उतरलाच नव्हता. दोन दिवस त्याला जगातला एकेक माणूस नालायक ठरवता आला होता. आता समोर उभा राहिलेल्या या भल्या माणसावर चिडायचं तरी कशावरून? त्याने खूप शोधलं. पक्कड, टेस्टर, मिशी. काही सापडेना.

"काय हो?" वायरमनने विचारलं. "द्यायची नाही का?"

"द्यायची आहे," बाइंडर मोठ्याने म्हणाला, जवळजवळ ओरडलाच. "द्यायची नसती तर पाटी कशाला लावली असती? तिने सांगितलंय द्यायला! थोडं थांबाल की नाही? मला उतरू तर द्या!"

वायरमन थांबला. त्याने खिशातून फडकं काढलं आणि बाइंडर उतरेपर्यंत हेडलाइटची काच पुसत राहिला.