अंगाला लागावे

“वाच,” आई म्हणाली आणि ओल्या हाताने चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

मी चुलीच्या उजेडाकडे सरकले. ‘पाचही मुलींच्या अंगाला रोज सकाळी लावावे.’ खाली डॉक्टरांची सही. चिठ्ठीबरोबर गंधकाच्या मलमाचे दोन डबे आले होते.

“काय म्हनलं? लावावे?”

“हो.”

“परत वाच. लागावे आसंल.”

“नाही आई, व आहे.”

“मग व चुकला आसंल,” ती म्हणाली. “लिवनारं बी मानूसच हाय.”

आणि तिने ते डबे मिठाच्या बरणीमागे सरकवून दिले.

ही गोष्ट एकोणीसशे चौतीसच्या आषाढातली. लोणावळ्याला पुण्याच्या काही मंडळींनी मुलींचे वसतिगृह काढले होते. आम्ही तीस जणी होतो. माझी आई झुंबरबाई तिथे स्वयंपाक करी. वडील गेल्यावर सुदुंबऱ्याहून ती मला घेऊन इथे आली, ती एकाच अटीवर: पगार कमी द्या, पण पोरीला शाळेत बसवा.

वसतिगृहाला कुणा देणगीदाराच्या गिरणीतून तांदूळ येई. पांढरा, मोत्यासारखा. तो भात आणि पातळ वरण, दोन्ही वेळा. व्यवस्थापिका लीलाबाईंना त्या भाताचा अभिमान होता. “घरी कधी असला भात पाहिला होतात का?” असे त्या आम्हाला विचारत. आम्ही खरेच पाहिला नव्हता.

त्या पावसाळ्यात पाच जणींच्या कोपरांवर आणि मांड्यांवर बारीक काटे उठले. त्यांत मी होते आणि माझी मैत्रीण सरू होती. हात फिरवला तर किसणीवरून फिरवल्यासारखा वाटे. लीलाबाईंनी पाहिले आणि दोन पावले मागे सरकल्या. “खरूज आहे. नारळी पौर्णिमेनंतर कमिटी येते आहे. तोवर अंग स्वच्छ झालं नाही तर पाचही जणी घरी. बाकीच्या पंचवीस मुलींचा विचार मला करायला हवा.”

घरी म्हणजे काय, ते सरूला ठाऊक होते. तिच्यासाठी बघून ठेवलेला नवरा तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा होता.

आईने आम्हा पाचही जणींना स्वयंपाकघरात बोलावून बाह्या वर करायला लावल्या.

“रातीची खाज सुटती का गं?”

“नाही.”

“मग कसली खरूज! खरूज मानसाला झोपू देती व्हय?” मग ती सरूकडे वळली. “आन् तू काल दिवेलागनीला पायरीवरनं का पडलीस?”

“दिसलं नाही, मावशी. अंधारायला लागलं की दिसतच नाही.”

आईने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले. “सुदुंबऱ्याला दुकाळात बगितलंय मी ह्ये,” ती म्हणाली. “पोट भरल्यालं, पर अंगाला कायबी लागल्यालं न्हाई.”

ती लीलाबाईंकडे गेली. मी दाराबाहेर उभी होते.

“बाई, पोरींना पाला पायजे. नाचनी पायजे. कारळ्याची चटनी, वर थोडं त्याल.”

“पाला?” लीलाबाई हसल्या नाहीत. “झुंबरबाई, वसतिगृहात मुलींना रानातला पाला खायला घालतात असं पुण्यात कळलं, तर मला तोंड दाखवता येईल का? तुम्ही मलम लावा.”

आईने मान डोलावली. लीलाबाईंना तो होकार वाटला.

दुसऱ्या दिवसापासून लोहगडवाडीची सावित्राबाई मागल्या दाराला येऊ लागली. डोक्यावर इरले आणि टोपलीत टाकळ्याचा नाहीतर कुर्डूचा रानपाला. कधी कंबरेला नाचणीचे गाठोडे. आई तिला बदल्यात तांदूळ मोजून देई.

“ह्यो असला तांदूळ देऊन पाला घेतीस?” पहिल्या दिवशी सावित्राबाईने विचारले. “डोकं फिरलं का गं तुजं?”

“तुजी नात दाव आदी. कातडं कसं चकाकतंय बग तिचं.”

“चकाकाया खातो व्हय आमी? जगाया खातो.”

“त्येच म्हनते मी.”

वसतिगृहाच्या मागे शेवगा होता. त्याच्या फांद्या आईने खाली ओढून ओढून बोडक्या केल्या. लीलाबाईंचे ताट वेगळे वर जाई, त्यात भात आणि वरण. आमच्या ताटात हिरवे आणि काळे. मुलींनी तोंडे वाकडी केली.

“मावशी, आम्ही काय शेळ्या आहोत का?”

“शेळीचं डोळं बग आदी कसं हाय. मग बोल. खा मुकाट्यानं.”

एक महिना उलटला. कोपरांवरचे काटे आधी मऊ झाले, मग गळून पडले. सरू एका संध्याकाळी कंदील न घेता विहिरीकडे गेली आणि बादली भरून परत आली. आई दारात उभी राहून ते बघत होती. तिने पदराने तोंड पुसले.

कमिटी आली. तीन गृहस्थ आणि ते डॉक्टर. आम्ही पाच जणी व्हरांड्यात ओळीने उभ्या राहिलो. डॉक्टरांनी सरूचा हात उलटासुलटा करून पाहिला.

“उत्तम. मलमाचा गुण पाहिलात? लीलाबाई, आणखी सहा डबे मागवून ठेवा.”

लीलाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. पाचही जणी राहणार होत्या. आई पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने पेले ठेवून आत निघून जायचे, एवढेच उरले होते.

“मलम बैलाला लावलंय,” आई म्हणाली.

“काय?”

“गेणूच्या बैलाचा खांदा सोलला व्हता, त्याला लावलं. त्याला बी गुन आला. डबं वाया न्हाईत गेलं.”

स्टेशनावरून सामान आणणारा गेणू फाटकाशी उभा होता. त्याने घाईघाईने मान खाली घातली. डॉक्टर लाल झाले.

“चिठ्ठीत काय लिहिलं होतं मी?”

“अंगाला लागावे.”

“लावावे! लागावे नव्हे!”

“मी अडानी बाई. एका अक्षराची चूक झाली आसंल, माजी न्हाईतर तुमची.” मग तिने पेले खाली ठेवले. “पोरींना पाला घातला, नाचनी घातली. तांदूळ देऊन घेतली.”

“आमचा तांदूळ?” एक गृहस्थ उठले. “ही चोरी झाली!”

“चोरी कशी? तांदूळ कुटं गेला न्हाई. पोरींच्या अंगावर हाय.” तिने माझी बाही कोपराच्या वर सारली. “ह्यो बगा.”

सरूने आपण होऊन बाही वर केली. मग इतर तिघींनीही.

आईला त्याच दिवशी कामावरून काढले. तिने एकच विचारले, पोरी राहतील ना? लीलाबाई म्हणाल्या, “राहतील. तुमचीही राहील. पण तुम्हाला गप्प राहता आलं नसतं का?”

“आलं आसतं की. मग पुढल्या साली परत पांढरा भात नि मलम.”

ती आपली वळकटी काखेत मारून चालत निघाली. पुढची सहा वर्षे तिने वडगावला लोकांच्या शेतावर भात लावला. मी शिकले. ‘पालेभाजी, मंगळवार व शुक्रवार’ असे लीलाबाईंच्या अक्षरात भोजनगृहाच्या भिंतीवर लागले, ते मी वसतिगृह सोडेपर्यंत होते. कमिटीने त्याची दखल घेतल्याचे मला माहीत नाही.

आई गेल्या महिन्यात गेली. वडगावला, माझ्या घरी. न्हाऊ घालायला शेजारच्या बायका जमल्या. रतनबाईंनी तेलाची वाटी पुढे केली.

“लाव गं अंबू. आईच्या अंगाला लाव.”

मी खांद्यापासून सुरुवात केली. कोपरापाशी हात थांबला. किसणी. दुसऱ्या कोपराला लावून पाहिले, तेच. तिने मला कधी स्वतःच्या बाह्या वर करून दाखवल्या नव्हत्या. त्या श्रावणात सगळ्यांचे वाढून झाल्यावर ती चुलीपाशी जेवायला बसे, तेव्हा भाजीची कढई घासून पुसून रिकामी असे, हे मला ठाऊक होते. ताटात पांढरा भात असे आणि त्यावर मीठ. पुढेही ती शेवटीच जेवत आली, माझ्या घरातसुद्धा. ते मी रोज पाहत होते.

मी तेल घेऊन चोळत राहिले.

“पुरे आता,” रतनबाई हळूच म्हणाल्या. “लागलं.”

“नाही लागलं,” मी म्हणाले, आणि वाटीत पुन्हा बोटे बुडवली.