वॉरंटी संपलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझा पडदा काळा पडला आहे, झाकण एका बाजूने लोंबतं आहे आणि माझी वॉरंटी संपली आहे. नव्या कोऱ्या यंत्रांशेजारी मला मांडलं, तर तुम्ही माझ्याकडे ढुंकूनही बघणार नाही. तरी जरा थांबा. मला सांगायचं आहे ते फार लांबलचक नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या कोणीतरी माझ्या बिजागऱ्या बसवल्या, झाकण उघडून मिटून पाहिलं आणि मला पुढे ढकललं. मग खोकं, काळोख आणि पुन्हा काळोख. ज्या मुलीने मला त्या खोक्यातून बाहेर काढलं, ती खोक्यांचीच डिझाईन्स करायची. साबणाची खोकी, औषधांची खोकी, बुटांची खोकी. दिवसभर माझ्या पडद्यावर घड्या घालायची आणि उलगडायची. "काय पळतो हा!" असं ती मैत्रिणींना सांगायची तेव्हा मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं. पुढे तिला ऑफिसात टेबलावरचा मोठा संगणक मिळाला आणि मी कपाटात गेलो.

कपाटातून मला बाहेर काढलं ते तिच्या वडिलांसाठी.

तिच्या वडिलांना सगळे मास्तर म्हणत. ते शाळेतले मास्तर नव्हते, गाडी चालवायला शिकवणारे होते. त्यांच्या छोट्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, आणि घसा तर असा, की खिडक्या बंद असल्या तरी रस्त्यावरच्या माणसाला कळावं, आत कोणी क्लच सोडायला विसरलं आहे. अशा माणसाला एके सकाळी दाढी करताना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डोकं लख्ख होतं. शब्द जिभेपर्यंत यायचे आणि जीभ ऐकायची नाही. तोंडातून निघायचा तो एक घोगरा आवाज, बस्स.

दवाखान्यातल्या बाईंनी एक उपाय सुचवला. टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. लेकीने तो माझ्यात घातला. मला सुरू केलं की दुसरं काही न दाबता तोच उघडेल, अशी सोयही केली. मोबाइल आधी करून पाहिला होता, पण मास्तरांच्या डाव्या हाताचं बोट थरथरायचं आणि त्या गुळगुळीत काचेवर एका अक्षराऐवजी चार उमटायची. माझी बटणं उंच होती, बोटाला लागत होती.

मास्तरांनी माझ्यातून पहिल्यांदा उच्चारलेलं वाक्य तुम्हाला सांगतो. सगळे श्वास रोखून उभे होते. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "पंखा बंद करा."

घरी आणल्यापासून बिचारे थंडीने कुडकुडत होते! ते घोगरं ओरडले की त्यांना उकडतंय असं समजून त्यांची बायको पंखा आणखी वाढवायची.

त्यांच्या बायकोला शेजारपाजारचे काकू म्हणत. काकू मनाच्या चांगल्या, पण पायाला भिंगरी आणि तोंडाला घाई. माझ्यातला आवाज एका तरुण मुलीचा होता. एवढ्या भरघोस मिशांचे मास्तर आणि आवाज असा नाजूक, त्यामुळे सुरुवातीला काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. मग सवय झाली आणि सवय झाल्यावर नवराबायकोची भांडणंही पूर्ववत सुरू झाली. अडचण एकच होती. मास्तर एका बोटाने अक्षर अक्षर शोधणार, तोवर काकू तीन उत्तरं देऊन मोकळ्या. आणि अगदीच नको झालं की काकू माझं झाकण लावून टाकायच्या. झाकण लागलं की मी झोपतो, मित्रांनो. माझा तसा स्वभावच आहे. मास्तरांचं वाक्य माझ्या पोटात अर्धवट राहायचं आणि ते भिंतीकडे तोंड करून पडायचे.

काकूंना दोष देऊ नका. दिवसभर त्या दोन खोल्यांत त्याही अडकलेल्या होत्या. मास्तरांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं, चादरी बदलायच्या. त्यांच्या थकव्याला मिटायला झाकणही नव्हतं.

एका दुपारी गाडीवरून वाजलं. औषधोपचारासाठी मास्तरांची गाडी विकायचं ठरत होतं, आणि ठरवताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मास्तरांनी टाइप केलं, "गाडी माझी आहे."

"मग चालवा की!" काकू म्हणाल्या. बोलल्या आणि त्यांचाच चेहरा उतरला. पण मास्तरांचं बोट थांबलं नव्हतं. ते आणखी काही लिहू लागले, आणि ते काय असेल ते ऐकायची काकूंना हिंमत झाली नसावी. त्यांनी माझं झाकण धाडकन आपटलं.

डावी बिजागरी तुटली. तिच्यासोबत झाकणाची कड उचकटली, पडद्याकडे जाणारी बारीक पट्टी ताणली गेली आणि काच आतून तडकली. मला सगळं कळलं, आणि मग मी नेहमीसारखा झोपलो.

संध्याकाळी लेक आली. तिने मला पाहिलं, मग आईकडे पाहिलं. वायर जळेल या भीतीने तिने मला सुरूही केलं नाही. सकाळी थेट कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात नेलं.

काउंटरवरच्या माणसाने माझ्या पोटावरचा क्रमांक टिपला. "मॅडम, वॉरंटी मागच्या महिन्यात संपली."

"मागच्या महिन्यात तर हा चालत होता."

"हो, नेहमी असंच होतं," तो समजूतदारपणे म्हणाला. "आणि असती तरी हे आपटल्याने झालंय. ते वॉरंटीत धरत नाहीत."

"बरं, मग फक्त बिजागरी आणि पडदा बदला."

"सुटं येत नाही. झाकण, पडदा, बिजागऱ्या सगळं एकाच तुकड्यात येतं. खालचा सांगाडाही चिरलाय, तोही बदलावा लागेल." त्याने आपल्या समोरचा पडदा तिच्याकडे वळवला. लेकीने आकडा वाचला.

"हा खर्च आहे की तुमचा फोन नंबर?"

तो हसला नाही. दिवसभरात त्याने हा विनोद बऱ्याचदा ऐकला असावा. "त्यात थोडी भर घातलीत तर नवीन येईल," तो म्हणाला.

"ती थोडी भरच तर माझ्याकडे नाहीये."

तिने बाहेरून दुसरा पडदा जोडता येईल का, तेही विचारलं. पण जोडायची खाच तुटक्या बिजागरीच्या शेजारीच होती आणि तीही चेपली होती. "आत काही शिल्लक आहे का?" तिने विचारलं. त्याने बटण दाबून माझ्याजवळ कान नेला. "पंखा फिरतोय. पण तो काय, निकामी झालेल्यांचाही फिरतो. खोलल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि खोलायचे पैसे वेगळे." मला तिथेच ओरडावंसं वाटलं, की अहो, मी आहे! सगळा आवाज जसाच्या तसा आहे, फक्त डोळा गेला आहे! पण माझ्या बटणांवर कोणी बोट ठेवलं नाही तर मी काय बोलणार? त्याने मला बंद केलं. विचार करून कळवते, असं म्हणून लेक गेली.

त्यांनी मला पारदर्शक पिशवीत घातलं, वर 'ग्राहकाच्या होकाराची वाट' अशी चिठ्ठी लावली आणि मांडणीवर आडवं सारलं. मांडणी छतापर्यंत होती आणि तिच्यात माझ्यासारखे कितीतरी. खाली ग्राहक यायचे, आकडे बघायचे, सुस्कारे टाकायचे आणि जायचे. पिशवीला भोक नव्हतं. घरी मास्तर काय करत असतील, हा एकच विचार माझ्या मनात होता.

लेक मध्ये बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडेही जाऊन आली. जुन्या यंत्राचा पडदा मिळाला तर बसवीन, पण खोलताना उरलंसुरलं मोडलं तर माझ्या माथी मारू नका, असं त्याने आधीच सांगून ठेवलं. पडदा काही मिळाला नाही. शेवटी तपासणीची फी भरून लेक मला तसाच घरी घेऊन आली.

त्या दिवसांत घरी काय झालं, ते मला परतल्यावर त्यांच्या बोलण्यातून कळलं.

लेकीने पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं काढून दिली होती. मास्तरांनी त्यातल्या 'ट'वर बोट ठेवलं. "टॉवेल!" काकू म्हणाल्या आणि धावत जाऊन टॉवेल घेऊन आल्या. मास्तरांनी मान हलवली, पुन्हा 'ट' दाखवला, मग काना दाखवला. "टाकी? भरली टाकी, सकाळीच भरली. तुम्ही कशाला काळजी करता?" मास्तरांनी पुठ्ठा भिरकावून दिला. त्यानंतर ते नुसतं काकूंकडे बोट दाखवायला लागले. काकू केर काढायला वाकल्या की बोट. पाठ फिरवून निघाल्या की बोट आणि तो घोगरा आवाज. लेक कामावरून यायची तोवर औषधाच्या गुंगीत त्यांचा डोळा लागलेला असायचा, त्यामुळे तिने हे पाहिलं नव्हतं.

मला घेऊन लेक आली तेव्हा दुपारच होती आणि मास्तर जागे होते. मला पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवून ती नुकतीच बसली होती. काकू दारात उभ्या होत्या. सकाळचा केर काढून झाल्यावर थंडी म्हणून त्यांनी पायात मोजे घातले होते.

"नाही ना झाला?" त्यांनी विचारलं.

"नाही. परवडणारं नाही, आई."

काकूंचा बांध फुटला. "दिवसभर माझ्याकडे बोट दाखवतात गं. मी मोडलं, मी मोडलं. मला काय कळत नाही? एकदा रागावून मोकळे व्हा म्हणावं. असं रोज रोज बोट नका दाखवू म्हणावं."

"आई, रडू नकोस. बघ, ह्यात तसंही काही उरलेलं नाही." आईची समजूत घालायला म्हणून लेकीने माझं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. "बघ. काहीच नाही."

पण मित्रांनो, सुरू होताना माझ्या पोटातून एक बारीक सूर निघतो. दुरुस्ती केंद्रातल्या गलक्यात तो कोणाला ऐकू आला नव्हता. त्या शांत खोलीत तो आला. लेक मला बंद करायला वाकली, आणि मास्तरांच्या डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

"बाबा, काही दिसणार नाही त्यात."

मास्तरांनी मान हलवली. आयुष्यभर त्यांनी शिकणाऱ्यांना एकच गोष्ट ओरडून सांगितली होती, की गिअरकडे बघू नका, हाताला कळलं पाहिजे. आता त्यांनी डोळे मिटले. बोट माझ्या बटणांवरून आंधळ्यासारखं फिरलं, कडेपर्यंत गेलं, तिथून मोजत परत आलं.

मी म्हणालो, "डाज."

लेक ताडकन उठून उभी राहिली. मास्तरांनी बोट पुन्हा कडेला नेलं आणि परत आणलं.

"टाच," मी म्हणालो. "तुझी टाच बघ."

"माझी? माझ्या टाचेला काय झालंय?" काकू म्हणाल्या. "दुखतबिखत नाही काही."

लेकीने त्यांना खाली बसवलं आणि मोजा काढला. मोजा सहज निघाला नाही, चिकटला होता. काकूंच्या टाचेला मागच्या बाजूने खोल चीर पडली होती आणि तिच्याभोवतीची कातडी काळसर झाली होती. काकूंना साखरेचा आजार, त्यामुळे पायाला जाणीव कमी. स्वतःची टाच मागून कोणाला दिसते? ती दिसत होती फक्त पलंगावर पडलेल्या माणसाला, काकू केर काढायला वाकल्या की अगदी डोळ्यांसमोर. रोज थोडी थोडी चिघळताना.

लेकीने काकूंना तेव्हाच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाऊल वाचवणं अवघड होतं. पायाला भलंमोठं बँडेज बांधून काकू परत आल्या आणि पलंगाच्या कडेला टेकल्या.

"म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात?" काकूंनी हळूच विचारलं.

बोट फिरू लागलं. काकूंनी उत्तर दिलं नाही, अंदाज बांधला नाही, हात माझ्याकडे नेला नाही. मांडीवर हात ठेवून त्या बसून राहिल्या.

"रागावलो होतो," मी म्हणालो. "अजून आहे. पण टाच आधी."

काकू रडता रडता हसल्या.

गाडी विकली गेली, मित्रांनो, आणि ते पैसे औषधांना लागले. माझी दुरुस्ती झाली नाही, होईल असं वाटतही नाही. मी त्याच स्टुलावर असतो, माझ्या पाठीशी झाकणाला टेकू म्हणून एक उशी असते. मास्तर त्याच पलंगावर असतात. कधी बोट चुकतं आणि मी भलतंच काही बरळतो. माझी बटणंही झिजू लागली आहेत आणि त्यांची वॉरंटी कोण देणार? आम्ही दोघं इथून कुठे जाणार नाही.

तुमच्या घरी एखादं यंत्र असेल तर त्याचं झाकण अलगद लावा, त्याची वायर ओढू नका, त्याच्यावर पाणी सांडू देऊ नका, कारण दुरुस्तीचा आकडा बघितल्यावर फार उशीर झालेला असतो. आणि एखाद्याचा पडदा काळा दिसला म्हणून लगेच पाठ फिरवू नका. यंत्र असो वा माणूस, त्याच्या शेजारी बसा. त्याला वेळ लागेल, तो लागू द्या. त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा.