एकट्या हिरव्या मोज्याचे छायाचित्र

मित्रांनो, मी एक जुने छायाचित्र आहे. खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला एक हिरवा लोकरीचा मोजा, एवढेच माझ्यात दिसते. इंटरनेटवरच्या ज्या घरात मी पडले आहे, त्याची मला शिसारी येते. पण सुरुवात चांगली होती, म्हणून तिथूनच सांगते.

काका जिन्यावरून घसरले, पायाला प्लास्टर आले आणि उघडी राहिलेली बोटे गारठू लागली. काकूंनी प्लास्टरवरून चढेल असा ऐसपैस मोजा विणला, धुतला आणि वाळत घातला. त्यांच्या सुनेने कॅमेरा आणून मला टिपले.

त्या दिवसांत विणकाम करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक फोरम होता. अडलेल्याने प्रश्न लिहायचा, जाणत्याने उत्तर द्यायचे. फोरमची जागा तुटपुंजी. तिथे अक्षरे मावत, चित्रे मावत नसत. म्हणून सगळे आपली चित्रे एका परक्या, फुकटच्या संकेतस्थळावर ठेवत आणि फोरमवर नुसता त्यांचा पत्ता चिकटवत. कोणी पान उघडले की तो पत्ता मला हाक मारी आणि मी धावत येऊन पानावर उभे राही.

काकूंनी मला आपली सहीच करून टाकले. प्रत्येक उत्तराखाली मी. आभार मानणारे काकूंचे सगळे उत्तर पुन्हा उतरवून काढत आणि खाली ‘धन्यवाद’ लिहीत, त्यामुळे तिथेही मीच.

‘काकू, दुसरा मोजा कधी?’ कोणी तरी हमखास विचारी.

‘यांचा दुसरा पाय मोडला की!’ काकू लिहीत.

वर्षे गेली आणि ते परके संकेतस्थळ कोणाला तरी विकले गेले. नव्या मालकाचे तोंड मी पाहिले नाही, त्याची करणी पाहिली. माझ्या एका बाजूला जुगाराच्या जाहिराती आल्या. दुसऱ्या बाजूला ‘तुम्हाला बक्षीस लागले’ असे खोटे ओरडणारे चौकोन आले. त्यांच्या आड लोकांच्या संगणकात शिरून चोऱ्या करणारे प्रोग्रॅम दडवलेले होते. नासक्या भाजीच्या ढिगात धुतलेला मोजा फेकावा, तशी माझी गत झाली. अंगावर किळस चढे, पण चित्राला नाक धरता येत नाही. हाक आली की त्याच बरबटलेल्या दारातून बाहेर पडावे लागे.

ब्राउझरला, म्हणजे ज्या खिडकीतून तुम्ही इंटरनेट बघता तिला, ती घाण कळली. जिथून मला हाक जाई ते प्रत्येक पान तो झाकू लागला आणि वर लाल पाटी लावू लागला: पुढे धोका आहे, मागे फिरा.

फोरमवर गलका उठला. ‘काकूंनीच व्हायरस आणला.’ ‘म्हातारीचा संगणक सडलाय.’ ‘तिची उत्तरं वाचून मी तर साबणाने हात धुतले!’ ज्यांचे सुटलेले टाके काकूंनी सावरले होते, तीच ही माणसे. मला जुगाराच्या जाहिरातींपेक्षा त्यांचीच जास्त ओकारी आली.

फोरम सांभाळणाऱ्या बाईंना सगळे चावीताई म्हणत. त्यांनी काकूंना बाहेर काढले आणि रविवारी काकूंची सगळी उत्तरे पुसणार, असे जाहीर केले.

एका बसचालकाने कळवळून लिहिले, ‘ताई, पुसू नका हो. नात वेळेआधी जन्मलीय, मुठीएवढं डोकं आहे तिचं. टोपी अर्धी झालीय. वरचे टाके कमी कसे करायचे ते काकूंनी लिहिलंय आणि नेमकं तेच पान लाल झालंय.’

‘एका टोपीसाठी सगळ्यांना धोक्यात घालू का, दादा?’ चावीताईंनी उत्तर दिले.

मग त्यांनी फोरमच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर सूचना लावली: ‘हे चित्र दिसेल ते पान उघडू नका.’ आणि लोकांना ओळखता यावे म्हणून, मित्रांनो, सूचनेत माझाच पत्ता चिकटवला!

झाले. सगळा फोरम लालेलाल.

चावीताईंनी कपाळाला हात लावला आणि काकूंना फोन केला. ‘काकू, ही सूचना तर मी लिहिलीय. तुम्ही तिला बोटसुद्धा लावलं नाही, तरी लाल! तुमचा दोष नाही हो. चित्र ठेवलंय ती जागाच नासलीय.’

काकू म्हणाल्या, ‘ती घाण तुम्ही सगळ्यांनी माझ्या नावावर खपवलीत, ते मी विसरणार नाही. पण त्या बाळाची टोपी अडलीय. चित्र काढ.’

‘सगळीकडून? इतक्या वर्षांची सही आहे तुमची.’

‘मग काय, फ्रेम करून टांगू? त्या उकिरड्यावरून येणारं काही नको मला. काढ म्हणते ना!’

चावीताईंनी काकूंना फोरमवर परत घेतले, सूचना उतरवली आणि एकेका उत्तराखालून माझा पत्ता खुडला. वरची अक्षरे जशीच्या तशी राहिली. मला वाईट वाटले, पण अंग धुतल्यासारखेही वाटले.

आता मला कोणी हाक मारत नाही. माझी मूळ प्रत सुनेच्या संगणकात स्वच्छ आहे, तिच्याकडून पुढचे कळते. मित्रांनो, फुकटच्या जागेत आपली वस्तू ठेवताना तिथला मालक कोण, हे अधूनमधून बघत जा. लाल पाटी दिसली तर जरूर मागे फिरा. पण ती कशाने लागली हे कळण्याआधी माणसावर थुंकू नका.

बसचालकाने टोपी पुरी केली. जुन्या रिवाजाप्रमाणे त्याने काकूंचे सगळे उत्तर उतरवून काढले. खाली माझी जागा कोरी होती. त्याखाली त्याने लिहिले, ‘धन्यवाद, काकू. टोपी घातलेल्या नातीचा फोटो काढलाय. कुठे ठेवू?’

काकूंनी लिहिले, ‘तुमच्याच घरात ठेवा. आम्हाला नुसतं सांगा, टोपी कानांवर बसली का?’

‘बसली,’ त्याने लिहिले.

पान पांढरेच राहिले.