दुमडलेलं टोक

मास्तरांनी ड्रायव्हरच्या दारात कोपरापर्यंत हात घातला आणि आत घसरलेली काच चिमटीत धरून वर ओढली. काच अर्ध्यावर आली आणि पुन्हा खाली बसली. मास्तरांनी तिला एक सौम्य शिवी हासडली.

"बोल्ट निसटलाय, बाकी काही नाही," ते बाहेर उभ्या जावयाला म्हणाले. "गाडी आता माझ्या वयाला आली, जावईबापू. कुरकुरणारच."

जावई हसला. मास्तरांनी सांगितलेलं निदान कधी चुकत नसे, आणि चुकलंच तर ते कबूल करणाऱ्यातले नव्हते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? याच गॅरेजात तो त्यांच्या हाताखाली वायरिंग शिकला. मास्तरांनी आधी त्याला विद्या दिली, मग मुलगी दिली आणि लग्नापासून ते त्याला अहो-जाहो करू लागले. पुढे त्याने ही जुनी पिकअप घेतली आणि मालाची ने-आण सुरू केली.

"तेवढी हीच बाजू करा, मास्तर. त्या बाजूला हात लावू नका, ती ठीक आहे," असं म्हणून तो स्टेपनी गडगडवत पंक्चरवाल्याकडे गेला.

मुलगी पलीकडच्या सीटवर मांडीत पर्स घेऊन बसली होती. बापाच्या दारात येऊन अजून खाली उतरली नव्हती.

"उतर की. आई वर चहा टाकून बसलीये."

"बरी आहे इथेच."

"घामाने निथळतेयस. काच तरी खाली घे."

तिने तिच्या बाजूच्या बटणावर बोट टेकवलं. दाबलं म्हणायचं एवढंच. काच हलली नाही. मास्तरांनी ड्रायव्हरच्या बाजूने तिच्या काचेचं बटण दाबलं, तर तीच काच सरसर खाली आली. म्हणजे मोटर ठणठणीत होती. आता समोर बिघाड दिसतोय आणि मास्तर गप्प बसतील, हे कसं व्हायचं? ते वळसा घालून तिकडे गेले.

"दार उघड, आतलं पॅड काढतो."

"ते बाहेरून उघडावं लागतं, बाबा."

त्यांनी उघडलं. ती उतरली आणि अंग चोरून बाजूला उभी राहिली.

पॅड निघालं. आतल्या कडीची दांडी आकड्यातून काढून, खडखडू नये म्हणून नीट बांधून ठेवलेली होती. तिच्या शेजारी बटणाची वायर. ती जळालेली नव्हती, की घासून तुटलेली नव्हती. पक्कडीने कापलेली होती, आणि दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळलेली होती. टेपचं शेवटचं टोक इवलंसं दुमडलेलं होतं.

मास्तर ते टोक बघतच राहिले. 'टोक दुमडून ठेव रे, पुढच्या माणसाला सोलायला सोपं जातं.' हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे ऐकवलं होतं. बाकी सगळ्यांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. एकट्यानेच लक्षात ठेवलं, आणि त्याचं मास्तरांना कोण कौतुक! चार लोकांत सांगत सुटायचे. शॉर्ट झालं असेल, घाईत केलं असेल, असं त्यांनी मनाला समजावून पाहिलं. पण वायर चुकून तुटते, टोक काही चुकून दुमडत नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

ती रस्त्याकडे बघत होती. "भांडण झालं होतं. सिग्नलला उतरले मी. इकडेच यायला निघाले होते."

"मग?"

"मग काय? दोन चौक गेले असेन, गाठलंच त्याने. तेव्हापासून गाडी अशी आहे."

"आणि घर?"

"घरालाही बाहेरूनच कडी असते."

"मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार? असा पोरगा शोधून मिळायचा नाही, हे तुमचेच शब्द."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मास्तरांना त्या वायरीकडे बघायचीसुद्धा लाज वाटली. त्यांनी खाली मान घालून पक्कड उचलली, तशी तिने त्यांचं मनगट धरलं.

"जोडू नका. त्याला कळेल. मग घरी गेल्यावर मलाच..."

मास्तरांनी पक्कड खाली ठेवली. रस्त्याच्या टोकाला जावई चाक गडगडवत येताना दिसला. त्यांनी वाकून गाडीची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"आईकडे जा," ते म्हणाले.

"बाबा, तो..."

"जा, बाळा."

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढली आणि तिथेच थांबली.

जावयाला उघडं दार दिसलं. त्याचा चेहरा क्षणात उतरला. "या बाजूला हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"गाडी आज व्हायची नाही," मास्तर म्हणाले. "काचेचं मशीन गेलंय. मागवावं लागेल."

"मगाशी तर नुसता बोल्ट म्हणालात."

"चुकलं माझं."

जावई बघतच राहिला. मास्तरांच्या तोंडून हे शब्द त्याने आजवर ऐकले नव्हते. मग त्याने जिन्याकडे मान वळवली. "ठीक आहे. आम्ही बसने जातो. चल गं."

ती हलली नाही.

"तू जा," मास्तर म्हणाले. "ती राहील. गाडी होईपर्यंत."

"मास्तर, हा आमच्या घरातला..."

मास्तरांनी दुमडलेलं टोक धरून टेप सोलली. एका झटक्यात निघाली. ती त्यांनी जावयाच्या तळहातावर ठेवली.

"शिकवलं तसंच केलंयस," ते म्हणाले.

जावयाने मूठ मिटली. चाक तिथेच सोडून तो बसथांब्याच्या दिशेने चालू लागला. जिन्यावर पावलं वाजली, वरचं दार उघडलं आणि मुलीला आत घेऊन मास्तरांची बायको खिडकीत आली.

"अहो, जावई असे न जेवता का निघाले? आणि गाडी कधी होणार?"

मास्तरांनी ड्रायव्हरच्या दाराच्या तळात पडलेला बोल्ट बोटांनी चाचपून बाहेर काढला, पुसला आणि समोरच्या गटारात टाकला.

"जुनी गाडी आहे," ते म्हणाले. "वेळ लागेल."