टेबलाच्या पायाखालचा शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे आणि मला पाण्याची फार भीती वाटते. का, ते सांगतो.

माझे मालक मास्तर होते. आपल्या बायकोला ते रोज माझ्यातला एक शब्द शिकवत. तिची दाढ काढली आणि सुई टोचल्यामुळे ओठ लोंबू लागला, त्या दिवशी त्यांनी ‘नम’ या इंग्रजी विशेषणाखाली लाल रेघ मारली. सुन्न, बधिर, संवेदना नसलेला. बाई वाकड्या तोंडाने तो शब्द म्हणत होती आणि हसत होती.

मास्तर गेले. बाई परदेशात लेकीकडे राहायला आली, सोबत मीही आलो. लेकीने मला स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवले. कामाला तरी आला म्हणाली. फरशी पुसली की मी भिजायचो. माझी पाने एकमेकांना चिकटत गेली.

एका सकाळी लेक कामावर गेली आणि बाईच्या डाव्या हातातून कप गळून पडला. आवाज ऐकून शेजारीण धावत आली. तिला फक्त इंग्रजी येई. बाईने हात दाखवला, तर तो दुखतोय असे समजून ती मलम चोळू लागली. लेक फोन उचलेना.

“दुखत नाही गं. हात माझा वाटतच नाही,” बाई म्हणाली. शेजारणीने मान हलवली आणि आणखी मलम घेतले.

बाईला तो इंग्रजी शब्द आठवेना, पण लाल रेघ आठवली. खाली बसून तिने एका हाताने मला ओढून काढले. नेमके तेच पान चिकटलेले! माझी तर बोबडीच वळली. तिने नख घालून ओढले आणि पान टरकन फाटले. तो शब्द, त्याचे सगळे अर्थ, मास्तरांची रेघ, सारे समोरच्या पानाला चिकटून गेले. उरली फक्त खालची ओळ, त्याच शब्दापासून झालेल्या शब्दांची. ‘नमनेस’ म्हणजे बधिरपणा. बाईने अक्षरे लावली आणि तिथे बोट ठेवले. शेजारणीने वाचले, मलम टाकले आणि रुग्णवाहिका बोलावली.

पक्षाघाताचा झटका होता, पण बाई वाचली. लेकीने मला उन्हात ठेवले, पानापानांत कोरे कागद घातले.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा कोश टेकूला लावला असेल, तर आजच काढा. माझी काही पाने अजून सुटलेली नाहीत. त्यांत कोणते शब्द अडकले आहेत, ते आता मलाही आठवत नाही. आणि बाई रोज सकाळी घरी एकटीच असते.