वेंडेल आडवा आला

वेंडेल कोझलिकचा धंदा लाथ मारायचा. टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघातले बाकीचे गडी तीन तास एकमेकांची हाडं खिळखिळी करायचे. याला मधूनच हाक यायची, मग याने चेंडू दोन उंच खांबांमधून धाडायचा आणि मुकाट बाकावर येऊन बसायचं. चेंडू गेला तर कुणी नाव घेत नसे. नाही गेला तर सोमवारी बाडबिस्तरा. अशा सोमवारांनी त्याला बरीच गावं हिंडवली होती. त्याची बायको मार्लीस हल्ली नव्या घरात पडदेच शिवत नसे. "पुढच्या गावच्या खिडक्यांचं माप काय असेल कोण जाणे," म्हणायची.

संघातला ट्रेमेन, अंगाने कपाटाएवढा, त्याला जावईबापू म्हणे. "जावईबापू, गार लागत नाही ना? ब्लँकेट देऊ?"

डिसेंबरातला सामना. गुण बरोबरीत, शेवटचे काही क्षण, वारा समोरून आणि खांब लांब. कोच हॅगर्टींनी वेंडेलला पुढे बोलावलं.

"पोचेल का?"

"वाऱ्याला विचारावं लागेल."

"मग त्यालाच संघात घेतलं असतं की."

चेंडू पोचला नाही. खांबांखाली समोरच्या संघातला डेमॉन्ट टपून होता. त्याने तो अलगद झेलला आणि सुसाट निघाला. असा झेललेला चेंडू घेऊन मैदान पार केलं की सामना खिशात. टोलेडोचे पहाडासारखे गडी एकेक करत मागे पडले. उरला एकटा वेंडेल, ज्याने उभ्या कारकिर्दीत कुणाला साधा धक्काही दिला नव्हता. पळून जावं असं त्याच्या फार मनात आलं. पण कुणीकडे पळावं ते ठरेना, म्हणून तो तिथेच राहिला. शेवटी त्याने डोळे मिटले आणि दोन्ही हात पसरले, स्टेशनवर मावशीला घ्यायला गेल्यासारखे.

डोळे उघडले तेव्हा डेमॉन्ट त्याच्या अंगावर पालथा पडला होता आणि वेंडेलच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. पण सामना वाचला होता.

जादा वेळेत टोलेडो पुन्हा खांबांजवळ पोचला. हॅगर्टी त्याच्यापाशी आले.

"पाय शाबूत आहे ना?"

"आहे. खांदा गेलाय."

"मग झोपलायस कशाला?"

हात छातीशी बांधून, दात ओठ खात त्याने लाथ मारली. चेंडू खांबांमधून गेला, टोलेडो जिंकला. ते फारसं कुणी पाहिलंच नाही. लोक अजून मघाचीच टक्कर एकमेकांना हातवारे करून सांगत होते.

सोमवारी डॉक्टरांनी हंगाम संपल्याचं सांगितलं, संघाने दुसरा लाथ मारणारा आणला आणि मार्लीसने खोकी काढली. बेकरीवाला मात्र डोनटचे पैसे घेईना.

"तो आडवा आलेला तूच ना?"

"जिंकून देणारी लाथही माझीच."

"असं? ती कधी मारलीस?"

संध्याकाळी वेंडेलने नंबर शोधून डेमॉन्टला फोन लावला.

"फार लागलं का रे?"

"फासळ्या दुखतायत. पण एक सांग दादा, तू बाजूला का नाही झालास? मला वाटलं, होशील."

"मलाही तसंच वाटलं होतं," वेंडेल म्हणाला.