लाल शाईखालची वाक्यं

पांग मॅडमनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"'सारमेय-विश्राम-क्षेत्र.' हे काय आहे?"

टेबलापलीकडे उभ्या असलेल्या लान यिंगने मान खाली घातली.

"कुत्रा लोळतो ते शेत, मॅडम."

"आणि हे 'वृद्धा-रोदन-सोपान'?"

"म्हातारी रडली ती पायरी."

"अगं, मग तसं लिही ना! माझ्या हातून गेला तेव्हा प्रबंध असा नव्हता. कोणी वाट लावली ह्याची?"

"म्याओच्या दुकानात नेला होता," यिंग म्हणाली.

विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी म्याओचं झेरॉक्सचं दुकान होतं. यंदा त्याने दाराला नवी पाटी लावली होती : 'यंत्राचा टक्का उतरवून मिळेल'. धंदा जोरात होता, कारण यंदापासून प्रत्येक प्रबंध विद्यापीठाच्या एका प्रोग्रॅममधून जायचा आणि त्यातला किती भाग यंत्राने लिहिल्यासारखा दिसतो, ते टक्क्यात बाहेर यायचं. आकडा वीसच्या वर गेला की तोंडी परीक्षा नाही, आणि तोंडी नाही म्हणजे पदवी नाही. प्रत्येकाला तीन संधी. यिंगचा पहिला आकडा सत्तेचाळीस आला. म्याओने प्रबंध आपल्या यंत्रात घालून सगळे शब्द उलटेपालटे केले, तेव्हा अडतीस. आता एकच संधी उरली होती, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. आज बुधवार होता.

गंमत म्हणजे त्यात यंत्राचं एक अक्षर नव्हतं. पोरीने सगळं हाताने लिहिलं होतं आणि ते पांग मॅडमना पक्कं ठाऊक होतं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा यिंगचं गाव खाली गेलं. तिचे आजोबा अजून त्याच पाण्यावर नाव चालवायचे. दोन हिवाळे ती त्यांच्याबरोबर नावेत बसली. ते मध्येच थांबून सांगायचे, इथं खाली अमकं शेत, तिथं तमकी पायरी. एकशे बारा नावं तिने वह्यांत उतरवली होती. त्या वह्यांना अजून माशांचा वास यायचा.

तिच्या तालुक्यातल्या शाळेने तिला भाषाशिक्षिका म्हणून निवडलं होतं. जूनअखेर पदवी दाखवली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

"त्या वह्या दे इकडे," मॅडम म्हणाल्या. "मी जाते गोंग सरांकडे."

गोंग सर विभागाचे प्रमुख. त्यांनी वह्या उघडल्या, वास आला तशी खिडकीही उघडली, आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पांग मॅडम, मला पटतंय हो. पण आकड्यापुढे वही काय कामाची?"

"आकडा चुकतोय."

"चुकत असेल. पण तो प्रोग्रॅम मी आणलाय. प्रांताच्या बैठकीत त्याचं कौतुक झालंय. आणि शरद ऋतूत दोन विभागांचा एक होणार आहे, आपला नाहीतर इतिहासवाल्यांचा जाणार. ज्यांचे आकडे वाईट, ते गेले." त्यांनी फ्लास्कचं झाकण फिरवून चहाचा घोट घेतला. "शिवाय तुमचं प्राध्यापकपद. चौदा वर्षं सहयोगी म्हणून काढलीत ना? जूनमध्ये प्रकरण समितीपुढे येतंय. आत्ता कशाला डोकं आपटून घेता?"

"मग पोरीने करायचं काय?"

"दोन-चार चुका घालायला सांगा. सगळी पोरं तेच करतायत."

हे खरं होतं. ग्रंथालयात त्या आठवड्यात पोरं रांगेने बसून आपलीच नीट वाक्यं मोडत होती.

"चार वर्षं चुका काढायला शिकवलं. आता घालायला शिकवू?"

"शिकवा की," गोंग सर हसले. "तुम्हाला काय, सगळंच येतं."

मॅडम तणतणत परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाली जाऊन नूडल्सही खाल्ल्या नाहीत. प्रोग्रॅमचा पहिला अहवाल, सत्तेचाळीसवाला, त्यांनी छापून घेतला. त्यात यंत्राची वाटलेली वाक्यं लाल रंगात यायची. ही वाक्यं बदलली की झालं, असा त्यांचा हिशेब होता. मूळ मजकूर काय होता ते बघायला त्यांनी कपाटातून यिंगचा पहिला मसुदा काढला. पांग मॅडम कागदावरच तपासायच्या, लाल शाईने, आणि एकही कागद टाकायच्या नाहीत. त्यांच्या तपासण्याचा विभागात दरारा होता.

दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले.

मसुद्याच्या पाचव्या पानावर यिंगने लिहिलं होतं : 'मामा पाण्यात थुंकायला वाकला तसे आजोबा त्याच्यावर ओरडले. म्हणाले, खाली आपलं शेत आहे.' त्यावर मॅडमची आडवी लाल रेघ होती आणि वर त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं : 'स्थानिक ज्येष्ठांच्या मनात जलमग्न भूमीविषयी आदरभाव आढळून येतो.'

अहवालात हे दुसरं वाक्य लाल होतं.

त्यांनी पान उलटलं. मसुद्यात जिथे जिथे रेघ, तिथे तिथे अहवाल लाल. 'आढळून येते' लाल. 'असे निदर्शनास येते' लाल. 'उपरोक्त विवेचनावरून' लाल. जे यिंगचं तसंच राहून गेलं होतं, बहुधा मॅडम तेव्हा दमल्या असतील, ते काळं होतं. बारा पानं त्यांनी अशी ताडून पाहिली. मग तेरावं पान न उघडताच त्या बसून राहिल्या. तीस वर्षं त्यांनी पोरांना हेच लिहायला शिकवलं होतं.

यिंग आली तेव्हा दोन्ही कागद टेबलावर तसेच होते. तिने ते पाहिले आणि ती लगेच खिडकीबाहेर बघायला लागली.

ते मॅडमच्या नजरेतून सुटलं नाही.

"तुला माहीत होतं?"

यिंग खिडकीबाहेरच बघत राहिली.

"यिंग, मी विचारतेय."

"पहिला अहवाल आला त्याच दिवशी कळलं होतं, मॅडम."

"मग बोलली का नाहीस? त्या म्याओकडे कशाला मरायला गेलीस? एक संधी फुकट घालवलीस!"

"तुम्ही सुट्टीत बसून तपासलं होतं सगळं," यिंग खालच्या आवाजात म्हणाली. "वसंताच्या सणाला सगळे घरी गेले होते आणि तुम्ही इथे हीटर लावून बसला होतात. तुमच्या बोटांना शाई लागलेली असायची. तुमचं काढून परत माझं कसं घालू?"

पांग मॅडमनी फळांच्या टोपलीतलं एक पिवळं लोकाट उचललं, सोललं आणि तिच्या पुढे धरलं.

"खा. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

"तुम्ही?"

"खा म्हटलं ना." त्यांनी मसुदा तिच्याकडे सरकवला. "आणि हा घे. लाल रेघेखाली जे जे आहे ते परत टाईप कर. जसंच्या तसं. वर मी लिहिलेलं एकही वाक्य ठेवायचं नाही."

"सगळं, मॅडम? थुंकण्याचंसुद्धा?"

"ते आधी."

"गोंग सर काय म्हणतील?"

"ते माझं मी बघते. तू टाईप कर. आणि स्वल्पविराम तेवढे नीट दे, मूर्ख पोरी, त्यात मात्र तुझी चूक होती."

शुक्रवारी दुपारी तीन वाजता यिंगने शेवटची संधी वापरली. मॅडम तिच्या मागे उभ्या होत्या. आकडा यायला अकरा मिनिटं लागली. आला तो चार.

यिंग टेबलावर डोकं ठेवून रडली. मॅडमनी तिच्या पाठीवर दोन-तीनदा हात मारला आणि "पुरे आता, कीबोर्ड भिजेल," म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. गोंग सर मध्यभागी, डाव्या हाताला बाहेरच्या विद्यापीठातून आलेले एक म्हातारे परीक्षक. पांग मॅडम मार्गदर्शक म्हणून भिंतीकडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. गोंग सरांनी पाचवं पान काढलं, वाचलं, आणि परत वाचलं.

"मामा थुंकायला वाकला. हे प्रबंधात?" त्यांनी यिंगकडे न बघता मॅडमकडे बघितलं. "मार्गदर्शकांनी हे वाचलं नव्हतं का?"

यिंगने तोंड उघडलं. मॅडमनी हातानेच तिला थांबवलं.

"वाचलं होतं. खोडलंही होतं."

"मग परत आलं कसं?"

"मीच परत घालायला लावलं. माझं खोडणं चुकलं होतं."

म्हातारे परीक्षक पुढे वाकले.

"पोरी, मग तुझा मामा थुंकला का शेवटी?"

"नाही सर. गिळलं त्याने."

म्हातारे खो खो हसले. त्यांनी एकामागून एक नावं विचारली आणि यिंगने न बघता सांगितली, कुठलं शेत, कोणाचं, पाणी आलं तेव्हा त्यात काय उभं होतं. अर्ध्या तासाने त्यांनी 'उत्कृष्ट' असं लिहून कागद गोंग सरांकडे दिला. गोंग सरांनी सही केली. आकडा चार होता. त्यापुढे त्यांचंही काही चालत नव्हतं.

सगळे उठल्यावर त्यांनी मॅडमना थांबवलं आणि एक छापील कागद पुढे केला. मार्गदर्शकाच्या कामाबद्दलचा शेरा. त्यावर मार्गदर्शकाची सही लागायची. हा कागद पुढे कुठल्या समितीपुढे जातो ते दोघांनाही माहीत होतं.

"नियम आहे, मॅडम. भाषेबद्दल मला लिहावंच लागलं. मनाला लावून घेऊ नका."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. 'सदर प्रबंधाच्या भाषेकडे मार्गदर्शकांचे अक्षम्य दुर्लक्ष झाल्याचे आढळून येते.' त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पर्समधून पेन काढलं. दाराशी यिंग प्रबंध छातीशी धरून उभी होती.

"गोंग सर," त्या म्हणाल्या, "तेवढं 'आढळून येते' काढा. यंत्र पकडतं ते."

आणि त्यांनी खाली सही केली.